धुराला वाट

मागच्या महिन्यात या सदरात एका वाचकाचा अनुभव छापून आला होता. रोह्याकडून अष्टमीला जाताना कुंडलिकेच्या पुलाच्या तोंडाशी दिवेलागणीला एक म्हातारी उभी दिसते, तिच्या हातात पेटती शेगडी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विचारते, ‘घरात बाळंतीण हाय का?’ पुढे लिहिलं होतं की ही वरसे गावची सुईण. तिने एका बाळंतिणीला आणि तिच्या नऊ दिवसांच्या बाळाला कसली तरी धुरी देऊन मारलं, म्हणून तिला गती मिळाली नाही.

लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्याने ऐकलं तसं लिहिलं. मीही हे पुष्कळदा ऐकलंय, पानटपरीवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी माझ्या घरातसुद्धा... आणि प्रत्येक वेळी गप्प बसलोय.

ती बाळंतीण माझी सख्खी बहीण होती. त्या सुईणीने तिला मारलं नाही.

आधी हे सांगतो की असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सगळा जन्म कारखान्यात गेला. जे गेजच्या काट्यावर दिसतं ते खरं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. पुलावरच्या म्हातारीवर माझा आजही विश्वास नाही. तरी हे पत्र मी याच सदराला पाठवतोय, कारण यात एक गोष्ट अशी आहे, जिचा उलगडा मला चाळीसहून जास्त वर्षांत झालेला नाही. ती मी कोणालाच सांगितली नव्हती. सांगायची तर बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं. आता आई नाही, भावोजी नाहीत, माझी बायकोही दोन वर्षांपूर्वी गेली. ज्यांना तोंड दाखवायची लाज वाटावी असं कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहितोय.

आमचं घर अष्टमीला, नदीपासून पाच मिनिटांवर. मातीच्या भिंती, ऐनाचे वासे, वर मंगलोरी कौलं. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. घरात आई, मी आणि धाकटी बहीण शालू. शालूचं लग्न पेणला झालं होतं. भावोजी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती रंगवणारे पुष्कळ असतात, पण डोळे काढणारा एखादाच. त्यांचा हात फार चांगला होता.

मी धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागलो होतो, इन्सुलेशनच्या गँगमध्ये. आम्हाला सगळे ‘लॅगिंगवाले’ म्हणायचे. वाफेच्या पाइपांना ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, गुंडाळायची, थंड लाइनींवर थर्माकोल बसवायचं, वरून पत्रा मारायचा. आतली उष्णता बाहेर नाही आली पाहिजे, बाहेरची आत नाही गेली पाहिजे. माझ्या हाताला सफाई होती. फटीतून पोस्टकार्ड जाणार नाही असं काम करायचो आणि ते मलाही फार माहीत होतं.

एकदा वाटलं, पाइप गार राहतात, मग घर का नाही? आमच्याकडे मे महिन्यात काय होतं ते रोहेकरांना सांगायला नको. कौलं तापतात, वारा पडतो, घामाने चटई भिजते. पावसाळ्यात त्याच कौलांतून झडीचे बारीक तुषार अंथरुणावर येतात. शिवाय वरून धूळ, पाली, एखादा विंचू. कंपनीत कापून उरलेले थर्माकोलचे तुकडे सुपरवायझरला विचारून मी आणायला लागलो. आधी ओळखीच्या दोन घरांना करून दिलं. गंमत म्हणून लोक बघायला यायचे. शालूला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी आमची मागची खोली घ्यायची ठरवली. बाळंतिणीची खोली.

महिनाभर सुट्टीच्या दिवशी राबलो. वाशांच्या खालून थर्माकोलच्या शीटा मारल्या, वर ग्लासवूल, त्याच्यावर प्लास्टिक. सगळे जोड चिकटपट्टीने बंद केले. खालून पांढरा रंग दिला. खोली एकदम वेगळीच दिसायला लागली. भर मे महिन्यात आत गेलं की खरोखरच फरक कळायचा.

आई दारातून बघायची, आत फारशी यायची नाही. एकदा एवढंच म्हणाली, “चूल पेटवली का धूर कौलांतून जातो रे अनंता. इथं कुठून जायचा?”

“इथे चूल कुठे आहे आई?”

“नाय, तसं नाय म्हना,” म्हणाली आणि गेली.

शालू आषाढात आली. श्रावण लागला त्याच आठवड्यात बाळंत झाली, घरीच. मुलगा झाला. बाळंतपण दुर्पदामावशीने केलं. ती वरशाची. पंचावन्नच्या आसपास वय, बुटकी, हात मात्र पहिलवानासारखे. आमच्या दोघांच्या वेळीही तीच होती. रोज सकाळी साडेअकराच्या सुमारास वरशाहून चालत, पूल ओलांडून यायची. शालूला तेल लावायची, आंघोळ घालायची, मग बाळाची आंघोळ, ओव्याची धुरी, आणि मग दोघांना उबदार गुंडाळून बाजेवर निजवायची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. आमच्याकडे ही पद्धतच होती. पिढ्यान्‌पिढ्या बायका अशा निजल्या आणि कोणाला काही झालं नाही.

पहिल्या दिवशी आत आल्या-आल्या तिने वर बघितलं.

“हे काय रे केलंस? बहिणीला ढगात नेऊन बसवलंस व्हय?”

शालू बाजेवरून हसली. “मावशे, दादा म्हणतो हे कंपनीत करतात. पाइपांना.”

“आता तू काय पाइप हायस गो?” मावशी म्हणाली. आईसुद्धा हसली.

आता ती गोष्ट.

बाळ दोन दिवसांचं होतं. मी सकाळची शिफ्ट करून दुपारी घरी आलो. मागच्या खोलीत बाजेच्या बरोबर वर, कोपऱ्यातली एक शीट निघालेली. पडली नव्हती, निघाली होती. खाली भिंतीला टेकवून उभी करून ठेवलेली, कुठे चीर नाही की टवका नाही. तिचे चारही खिळे कोनाड्यात एकाशेजारी एक ठेवलेले, सरळ, जराही न वाकलेले. वरची ग्लासवूल बाजूला सारलेली, प्लास्टिक दुमडलेलं, आणि त्याच्या वरचं कौल हातभर सरकलेलं. आभाळ दिसत होतं. पाऊस चालू होता, पण खाली थेंब नव्हता.

आईला विचारलं. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले, ती स्टुलावर चढणं शक्य नव्हतं. म्हणाली, “मी कशाला हात लावू तुझ्या कामाला?” शालू झोपली होती. जाग आली तेव्हा गार वारा येत होता, एवढंच तिला माहीत. मावशीशिवाय घरात दुसरं कोणी आलं नव्हतं.

मी शीट परत मारली. कौल सारखं केलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तशीच टेकवून ठेवलेली शीट, तसेच खिळे कोनाड्यात. माकडं असतील म्हटलं... पण माकड खिळे रचून ठेवत नाही. रागाने मी चाराचे आठ खिळे मारले. पाचव्या दिवशी आठही खिळे कोनाड्यात.

तेव्हा मला राग आला होता, भीती नाही. कोणीतरी माझी खोड काढतंय असंच वाटत होतं. शालू म्हणाली, “राहू दे ना रे दादा तेवढं उघडं. बरं वाटतं. श्वास मोकळा होतो.” आई म्हणाली, “घराला पटत नसंल ते.” आणि दुर्पदामावशी रोज येत होती, रोज तो उघडा कोपरा बघत होती. तिला वाटलं मीच ठेवलाय. एकदा म्हणालीही, “बरं केलंस अनंता, धुराला वाट ठेवलीस.” मी काही बोललो नाही. दोन दिवस तसंच राहू दिलं.

पण बाराव्या दिवशी बारसं होतं. पेणहून भावोजी, त्यांचे आई-वडील, चुलते, सगळे येणार होते. गणपती तोंडावर आलेले, कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी भावोजी एक दिवस काढून येणार होते. त्यांना मी लग्नापासून या कामाच्या गोष्टी सांगत आलो होतो. त्यांच्यासमोर छताला भोक? माझ्या कामाला?

आठव्या दिवशी मी कंपनीतून प्लायचा तुकडा आणला, दीड फूट बाय दोन फूट. लॉकरमधला स्क्रूड्रायव्हर आणि गिरमिट आणलं. वाशांना गिरमिटाने भोकं पाडून आठ स्क्रू मारले. ऐनाचं जुनं लाकूड, दगडासारखं. शेवटचे दोन पीळ द्यायला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. कडांना पट्टी, वरून पांढरा रंग. कोपरा कुठे होता ते मलाही शोधावं लागलं असतं. स्क्रूड्रायव्हर त्याच दिवशी परत नेऊन लॉकरमध्ये ठेवला.

नववा दिवस. मला दुसरी शिफ्ट होती. पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं. वारा पश्चिमेचा, म्हणून खिडकीला आईने गोणपाट लावलेलं, बाळाला झड लागू नये म्हणून. मी जेवत होतो. मागच्या खोलीतून आवाज आला. लाकडात काहीतरी हळू फिरावं तसा. किर्र... मग थांबायचं. पुन्हा किर्र... मी उठून गेलो. शालू बाळाला पाजत होती. वर बघितलं, पांढरं छत, सगळं जागच्या जागी. आवाज थांबला होता.

“उंदीर असेल,” मी म्हटलं.

“केव्हाचा करतोय,” शालू म्हणाली. “बिचारा दमला असेल.”

तेवढ्यात दुर्पदामावशी आली, नखशिखांत भिजलेली. पावसामुळे उशीर झाला होता. आंघोळी उरकल्या, शेगडी भरून आणली, आणि बाजेखाली सारण्याआधी तिने वर बघितलं.

“कोपरा बंद केलास?”

“हो.”

“धुराला वाट हाय ना?”

मी दारात उभा राहून शर्टाची बटणं लावत होतो. नाही म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे ते काढायला लावलं असतं. आईने तिचीच बाजू घेतली असती. बारशाला तीन दिवस होते.

मी म्हटलं, “हाय मावशे. वरून काढलीय.”

तिने माझ्याकडे बघितलं. “नक्की?”

“आता तुला पाइपातलं काय कळणार?” मी हसून म्हटलं.

“नाय बाबा,” ती म्हणाली. “तू कंपनीवाला.” आणि शेगडी बाजेखाली सारली.

इथे थांबून एक लिहायलाच हवं. आमच्या कंपनीत टाकीत माणूस उतरवायचा असेल तर आधी परमिट लागायचं. हवा खेळती आहे का, आतला वायू तपासलाय का, बाहेर माणूस उभा आहे का. त्या कागदावर कितीदा तरी मी स्वतः सही केलेली आहे. धूर डोळ्यांना दिसतो, खोकला येतो, माणूस सावध होतो. निखाऱ्याच्या वायूला रंग नाही, वास नाही. हे मला ठाऊक होतं. दुर्पदामावशीला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक असायची कधी गरज पडली नव्हती. कौलं होती ना.

मी सव्वादोनला निघालो. मावशी माझ्या मागोमाग वरशाला गेली. आईने दार लोटून घेतलं, वारा येऊ नये म्हणून दाराखाली गोधडी सारली. चार वाजता ती चहा घेऊन गेली.

मला निरोप पोचून मी घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. ओटीवर माणसं जमली होती. आई भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. मी मागच्या खोलीत गेलो. दोघं बाजेवर होती. शालूच्या गालांवर लाली होती, बाळाच्याही. झोपेत ऊब लागल्यावर येते तशी. मी बघितलं आणि मला कळलं. निखाऱ्याच्या वायूने अशीच लाली येते.

आणि मग मी जे केलं ते लिहितो. मी आधी बहिणीकडे गेलो नाही. आधी खिडकीपाशी गेलो, गोणपाट काढलं आणि खिडकी उघडली.

डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, “शेगडी होती? खोली बंद होती का?”

मी म्हटलं, “खिडकी उघडी होती.”

आई काही बोलली नाही. तिला त्या वेळी काही ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे. डॉक्टरांनी उघड्या खिडकीकडे बघितलं, आत येणाऱ्या झडीकडे बघितलं, आणि मान हलवली.

खिडकी उघडी होती, म्हणजे शेगडीने काही झालं नाही. मग कशाने झालं? लोकांना उत्तर लागतंच. धुरी होती. ती कोणी दिली? गालांवर लाली कसली होती? संध्याकाळपर्यंत अष्टमीत तोंडातोंडी झालं होतं. महिन्याभरात सगळीकडे. कोणी तिला मारहाण केली नाही, केस केली नाही. फक्त बोलावणं बंद झालं. पोरं पुलावर तिला बघून पळायला लागली. माझी आई, जिची दोन्ही बाळंतपणं तिने केली होती, ती शेवटच्या दिवसापर्यंत दिवा लावताना तिला तळतळाट द्यायची, नाव घेऊन. मी जेवत असायचो. ऐकायचो.

भावोजींनी त्या वर्षी हातातल्या मूर्ती पुऱ्या केल्या. त्यानंतर डोळे काढले नाहीत. माती मळायचं काम मागून घेतलं. दुसरं लग्नही केलं नाही.

दोघं गेल्यावर तिसऱ्या दिवशी, घरातली माणसं अस्थी घेऊन नदीवर गेली असताना, मी मागच्या खोलीचं दार आतून लावलं. छत उतरवायचं होतं. पुरावा नाहीसा करायचा होता, असं सरळच लिहितो. स्क्रूड्रायव्हर पुन्हा आणला होता. स्टुलावर चढलो, कोपऱ्यातल्या प्लायच्या पहिल्या स्क्रूला लावला, आणि स्क्रू फिरला. जोर न लावता. मी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि बोटाने फिरवून बघितलं. स्क्रू हातात आला.

दुसरा तसाच. तिसराही. डोक्यांवरचा पांढरा रंग गोल तडकलेला होता, स्क्रू फिरवल्यावर तडकतो तसा. सात स्क्रू बोटांनी निघाले. सातही वरवर नुसते टेकवून ठेवलेले होते. आठवा अर्धा बाहेर आलेला होता, बाकीचा अर्धा आत घट्ट. प्लाय त्या एकावर लटकत होता. आणखी चार-पाच पीळ फिरले असते तर तो खाली आला असता.

तो आठवा स्क्रू मला स्क्रूड्रायव्हर लावून, दोन्ही हातांच्या जोराने काढावा लागला.

पुढे मी फार विचार केला. पावसात लाकूड आकसलं असेल? पावसात लाकूड फुगतं, स्क्रू जास्त आवळतो. हादऱ्यांनी सैल झाले असतील? तेव्हा आमच्याकडून साधा ट्रकही जात नव्हता. शिवाय सैल झालेला स्क्रू लोंबतो, बोटाने निघेल इतका मोकळा करून परत भोकात टेकवून ठेवलेला नसतो. शालूने? नऊ दिवसांची बाळंतीण, छत दहा फुटांवर. कोणी माणसाने? स्क्रूड्रायव्हर माझ्या लॉकरमध्ये, किल्ली माझ्या खिशात. वडील असतील, घर त्यांनी बांधलेलं, असंही मनात आलं. पण ते मला कधी दिसले नाहीत, स्वप्नातसुद्धा नाही. त्यामुळे तेही म्हणता येत नाही.

एवढंच कळतं की जे काही होतं ते वाईट नव्हतं. तीन वेळा त्याने वाट करून दिली. चौथ्या वेळी त्याला वेळ पुरला नाही. वेळ मी ठेवला नव्हता.

तो प्लाय, त्या शीटा, सगळं मी ओहोटीच्या वेळी नदीत सोडलं. इन्सुलेशनचं काम सोडून कंपनीत स्टोअरला बदली मागितली. आधीच्या दोन घरी जाऊन काहीतरी निमित्त सांगून त्यांचीही छतं उतरवली. ‘अनंताच्या डोक्यावर परिणाम झाला, बहीण गेल्याचा,’ असं लोक म्हणाले. माझ्याबद्दल लोक नेहमी कळवळ्यानेच बोलले.

दुर्पदामावशी मला त्यानंतर तीनदा दिसली. एकदा पुलावरच, समोरासमोर. ती थांबली. मी खाली बघून पुढे गेलो. ती वारली तेव्हा मी रिटायर व्हायला थोडी वर्षं होती. वरशाला गेलो नाही.

मागच्या महिन्यात तो अनुभव वाचला, आणि दोन दिवसांनी रिक्षा करून वरशाला गेलो. आता तिथे सगळ्या बिल्डिंगी झाल्यात. विचारत विचारत मावशीच्या नातीचं घर सापडलं. सुनंदा नाव तिचं. अंगणवाडीत आहे, आता रिटायर व्हायला आलीय. दारातच मी नाव सांगितलं. ती म्हणाली, “या काका. आत या.”

मी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. जसं इथे लिहिलंय तसंच. खिडकीचंही. माझं संपल्यावर ती म्हणाली, “आजीने सांगितलं होतं मला.”

मला कळलंच नाही. “काय सांगितलं होतं?”

“हेच. तिने विचारलं आणि तुम्ही हाय म्हणालात ते. मी पहिल्यांदा बाळंत झाले ना, तेव्हा आजी आधी खोलीचं छत बघून आली. मी हसले तिला. मग तिने सांगितलं. वरशातले लोक नंतर बोलवायला आले होते तिला. सगळ्यांनी नाय सोडली होती. पण तीच गेली नाय. म्हणायची, मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, वर हात लावून बघायला हवा होता.”

“मग तिने लोकांना का नाही सांगितलं?” मी विचारलं. “माझी आई तिला रोज—”

“ठाऊक होतं तिला. कानावर यायचं की सगळं.” सुनंदा म्हणाली. “मी भांडले तिच्याशी. म्हटलं, आजी, लोक तुला काय काय म्हणतात, मला शाळेत चिडवायचे, तू तोंड का उघडत नाय? तर म्हणाली, त्या बाईची लेक गेली, नातू गेला. आता मी बोलले तर उरलेला लेक पण जाईल तिचा. मग म्हातारपणी तिला पाणी कोण देईल?”

आईला शेवटी पाणी मीच दिलं होतं. चमच्याने.

बाहेर कोणाचं तरी बांधकाम चालू होतं. मग तिने विचारलं, “ते स्क्रू कोणी काढले, काका?”

“नाही माहीत.”

“आजीला हे ठाऊक नव्हतं.”

“नव्हतं. कोणालाच नव्हतं.”

“तिला सांगायला हवं होतंत,” ती म्हणाली. रागाने नाही, पण म्हणाली. “तिला बरं वाटलं असतं. कोणीतरी होतं तिथं, असं.”

मी तिला म्हटलं, मी हे सगळं लिहून पाठवणार आहे, तुझी हरकत नसेल तर. आजीचं नाव घालून.

“घाला,” ती म्हणाली. “पण लोकांना उगाच ऊत येतो. आज चेटकीण म्हणतात, उद्या देवी करतील, पुलावर शेंदूर लावतील. तसं काय लिहू नका. ती मशेरी लावायची, दिवसातून चार वेळा. आणि शिव्या द्यायची, अशा की आमचे आजोबा उठून बाहेर जायचे. ते पण लिहा.”

लिहिलं.